भांगेचा अंमल आणि कायद्याचा अंमल

‘अंमल’ हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं रूढ आहे. भांग प्यालेल्या माणसावर तिचा अंमल चढतो, आणि मुलखावर सरकारचा अंमल बसतो. पहिल्या अंमलांत माणसाचा विवेक सुटतो, म्हणून त्यास आवर घालण्यासाठीं दुसरा अंमल हवा, असें सामान्यतः समजलें जातें. आणि तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. परंतु दुसऱ्या अंमलाचाहि कैफ चढूं शकतो, व त्या कैफांतहि विवेक सुटतो, ही गोष्ट आम्हांस गेल्या पावसाळ्यापर्यंत इतक्या स्पष्टपणें जाणवली नव्हती. ती ज्या प्रसंगानें जाणवली तो प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन कोणासाठीं आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

भिवंडी तालुक्यांत दिघाशी म्हणून भातशेतीचें गांव आहे. तेथें आमचे एक वृद्ध स्नेही राहत असत. सारी हयात प्राथमिक शाळेंत मास्तरकी करून ते निवृत्त झाले होते आणि वडिलोपार्जित घरीं येऊन शेती पाहत होते. त्यांस आंतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधें झालीं, आणि अखेर मुंबईच्या डॉक्टरांनीं, आतां रोग हटणार नाहीं, दुखणें तेवढें सुसह्य करूं, असें सांगून मॉर्फीनच्या गोळ्यांसह त्यांस घरीं पाठविलें. गोळ्या पंधरा दिवसांच्या. त्या संपल्या कीं पुन्हां मुंबई गांठावयाची. जवळपासच्या दुकानांत ती गोळी मिळत नसे, आणि जवळपासचे डॉक्टर ती लिहून देण्यास धजत नसत. एकानें तर स्पष्टच सांगितलें कीं, ‘उद्यां चौकशी आली तर माझा परवाना जाईल.’ त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांचें भय निराधार होतें असेंहि म्हणवत नाहीं.

आम्ही समाचारास गेलों त्या दिवशीं गोळ्या संपून दोन दिवस झाले होते. पावसाची झड लागलेली, मुलगा मुंबईस गेलेला, आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. दुखणें बोलून दाखविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता; परंतु उशीचा कोपरा त्यांनीं मुठींत असा आवळून धरला होता कीं त्याकडे पाहवेना. वहिनींनीं आम्हांस आंत बोलावलें आणि देवघरांतल्या समईमागून एक लहानशी बाटली काढून दाखविली. नातवानें कोणा वैद्याची चिठ्ठी घेऊन ती मागविली होती. तिच्यावर ‘विजया’ असें नांव होतें. विजया म्हणजे भांग, हें मास्तरांनींच घरांत सांगितलें होतें.

“भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाल्या, “ही घरात ठेवली म्हणून पोलीस येतील का हो? शिवरात्रीला देवळामागं चिलमी पेटतात, त्यांना कोणी हटकत नाही. आणि ह्यांना जरा झोप लागावी म्हणून मी मात्र चोरासारखी बाटली लपवते. हा कुठला न्याय?”

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें आम्हीं या विषयाचे जुनेनवे कागद वाचले, जाणत्यांस विचारलें, आणि जें उमगलें तें येथें मांडीत आहों. वहिनींचा प्रश्न कायद्याचा वाटला तरी मूळचा तो नीतीचा आहे. एकाच्या नशेच्या भयानें दुसऱ्याच्या वेदनेवरील उपाय अडवून धरण्याचा अधिकार समाजास कितपत आहे, असा तो प्रश्न होय.

आपल्या समाजानें भांगेच्या झाडाला कधीं प्रतिष्ठा दिली नाहीं, आणि कधीं वाळींतहि टाकलें नाहीं. ‘भंगड’, ‘गांजेकस’ हे शब्द आपण शिवीच्या पंक्तीस बसवितों; आणि तरीहि शंकराच्या पूजेंत भांगेचें पान निषिद्ध मानीत नाहीं. अथर्ववेदांत संकटांतून सोडविणाऱ्या म्हणून आळविलेल्या पांच वनस्पतींत ‘भंग’ आहे. पचण्यापूर्वींच जीं द्रव्यें सर्व शरीर व्यापतात त्यांचें उदाहरण म्हणून शार्ङ्गधरानें भांग आणि अफू यांचीं नांवें घेतलीं आहेत. भांग घातलेलें जातीफलादि चूर्ण ग्रहणीच्या विकारावर वैद्य आजहि देतात. पूर्वजांनीं लिहून ठेविलें म्हणून तें सर्व खरेंच, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या नाडीपरीक्षेइतकीच त्यांच्या औषधांचीहि आज पुन्हां परीक्षा झाली पाहिजे. पण व्यसन आणि औषध हीं एकाच झाडाला लागतात, आणि एकाच्या भीतीनें दुसरें उपटून टाकावें लागत नाहीं, एवढी समज त्यांस होती.

इंग्रजी अमदानींत हा प्रश्न एकदां फार कसोशीनें विचारला गेला. गांजानें हिंदुस्थानांतील लोक वेडे होत आहेत, वेड्यांचीं इस्पितळें त्यांनीं भरलीं आहेत, असा बोभाटा विलायतेंत झाला, आणि १८९३ च्या मार्चमध्यें विल्यम स्प्रॉस्टन केन या मद्यपाननिषेधक सभासदानें पार्लमेंटांत प्रश्न टाकला. त्यावरून सरकारनें त्याच वर्षीं एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते; सात सभासदांत तिघे हिंदी होते, आणि आपल्या मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी यांस घेतलें होतें. कमिशन प्रांतोप्रांतीं हिंडलें. त्यानें ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले. त्यांत डॉक्टर होते, वैद्य व हकीम होते, अंमलदार, मिशनरी, गांजा पिकविणारे आणि ओढणारेहि होते. मुंबई इलाख्यांत हें पीक त्या काळीं मुख्यतः नगर जिल्ह्यांत निघत असे, आणि तेथील लागवडीचीहि त्यानें दखल घेतली.

वेडाच्या आरोपाची त्यानें केलेली तपासणी आजहि वाचण्यासारखी आहे. १८९२ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले, आणि दप्तरांत त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण भांग, गांजा किंवा चरस असें नोंदलेलें होतें. कमिशननें एकेक प्रकरण उकलून पाहिलें. तेव्हां असें आढळलें कीं, कारणाचा रकाना पुष्कळदां पोलिसांच्या सांगण्यावरून भरला जात असे. आणि माणूस कधीं काळीं गांजा ओढीत होता एवढें कळलें कीं तेंच वेडाचें कारण ठरे. सर्व छाननीनंतर ज्यांच्या वेडाशीं या पदार्थांचा संबंध जोडतां येईल असे ९८ उरले, आणि त्यांतहि कित्येकांना इतर कारणें होतीं. १८९४ च्या अहवालांत कमिशननें निष्कर्ष काढला कीं, बेताच्या सेवनानें सहसा अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो. संपूर्ण बंदी आवश्यकहि नाहीं आणि इष्टहि नाहीं. कर, परवाने आणि देखरेख यांनींच हा व्यवहार आटोक्यांत ठेवावा.

येथें चाणाक्ष वाचक म्हणेल कीं, गांजाच्या अबकारी उत्पन्नावर ज्या सरकारचा डोळा होता त्याच्या कमिशननें दुसरें काय सांगावयाचें? ही शंका रास्त आहे, आणि आम्ही ती पुसून टाकूं इच्छीत नाहीं. परंतु त्यांच्या निर्णयाहून त्यांची रीत आम्हांस अधिक मोलाची वाटते. आरोप ऐकल्याबरोबर शिक्षा न सांगतां त्यांनीं आधीं आरोपाचा मूळ कागद मागितला. पुढल्या शंभर वर्षांत या झाडाविषयीं जे कायदे झाले, त्यांत हीच रीत दुर्मिळ झाली.

त्यापूर्वीं अर्धशतक आधीं, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर ओशॉनेसी यांनीं या झाडाचे औषधी प्रयोग करून १८३९ सालीं ते प्रसिद्ध केले होते. धनुर्वात, संधिवात, लहान मुलांचे झटके अशा विकारांवर त्यांनीं गांजाचा अर्क देऊन पाहिला. पिसाळलेलें कुत्रें चावलेला एक रोगी त्यांच्याकडे आला होता. तो वांचला नाहीं. पण त्या रोगाच्या शेवटच्या यातना अर्कानें पुष्कळ हलक्या झाल्या, ही गोष्ट त्यांनीं मुद्दाम नोंदली. वैद्याचें काम बरें करण्यापाशीं संपत नाहीं, जेथें बरें करतां येत नाहीं तेथें तें उलट अधिक मोठें होतें, हा विचार त्या नोंदींत आहे. दिघाशीच्या मास्तरांस मुंबईच्या डॉक्टरांनीं जें सांगितलें तेंहि याहून निराळें नव्हतें.

ओशॉनेसींच्या मागून हें औषध विलायतेच्या व अमेरिकेच्या औषधकोशांत गेलें, आणि पुढें तेथून बाहेरहि पडलें. बाहेर पडण्याचें पहिलें कारण नीतीचें नव्हतें. अर्काची ताकद दर खेपेस निराळी निघे. तो पाण्यांत विरघळत नसल्यानें सुईनें टोंचतां येत नसे. आणि तोंवर ॲस्पिरिनसारखीं नेमकीं औषधें निघालीं होतीं. ब्रिटिश औषधकोशांतून तो १९३२ सालीं आणि अमेरिकन कोशांतून १९४२ सालीं गेला. पण याच सुमारास कायद्याचीहि चक्रें फिरत होतीं. १९२५ च्या जिनीव्हा परिषदेंत इजिप्तच्या आग्रहावरून हिंदी गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आला. १९३७ सालीं अमेरिकेनें जबर कर लादून त्याचा वापर जवळजवळ बंद पाडला. आणि १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांत गांजा हेरॉइनच्या शेजारीं, सर्वांत कडक अशा चौथ्या अनुसूचींत जाऊन बसला. औषध म्हणून ज्याचा उपयोग नगण्य आणि धोका मोठा, अशांसाठीं ती अनुसूची होती. वैद्यकानें सोयीसाठीं जें बाजूस ठेविलें होतें, तें आतां निरुपयोगी म्हणूनच जाहीर झालें. आणि निरुपयोगी ठरल्यावर त्याचें संशोधनहि अवघड झालें. औषधाचा पुरावा नाहीं म्हणून बंदी, आणि बंदी आहे म्हणून पुरावा नाहीं, असें हें दुष्टचक्र पुष्कळ वर्षें चाललें.

त्या करारांत भारतानें एक सवलत मिळविली. गांजाच्या व्याख्येंतून झाडाचीं नुसतीं पानें आणि बिया वगळल्या गेल्या, म्हणजे होळीची भांग वांचली. बाकीच्या प्रचलित वापरासाठीं पंचवीस वर्षांची मुदत होती. ती सरत आली तेव्हां आपल्या सरकारनें ‘गुंगीकारक औषधिद्रव्यें आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ यांचा कायदा केला. त्याचें विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. विधेयक मांडल्यापासून संमतीपर्यंत चोवीस दिवस. परदेशी कमिशननें ज्या प्रश्नासाठीं अकराशेंहून अधिक साक्षी घेतल्या, तो स्वराज्यांत महिन्याच्या आंत निकालांत निघाला.

या कायद्याचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. हेरॉइनची तस्करी त्या वेळीं वाढत होती, आणि मुंबईच्या कित्येक घरांनीं तिचे भोग भोगले आहेत. शिवाय वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठीं परवान्यानें वापर करण्याची वाट त्या कायद्यानें अक्षरशः मोकळी ठेविली होती. परंतु परवाना एका खात्याचा, वाहतुकीची परवानगी दुसऱ्याची, साठ्याची तिसऱ्याची, आणि कारकुनी चुकीलाहि तुरुंगाचें भय. असें झाल्यावर परिणाम व्हावयाचा तो झाला. १९८५ पासून १९९७ पर्यंत देशांतील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारें ९७ टक्क्यांनीं घटला. कर्करोगाचे रोगी कमी झाले नव्हते. त्यांची वेदनाहि कमी झाली नव्हती. जगांत औषधासाठीं लागणारी अफू पिकविणारा हा देश, आणि त्याच्याच खेड्यांतले रोगी मॉर्फीनवांचून तळमळत राहिले. मुंबईंत वांद्र्यास १९८६ सालीं शांति-अवेदना सदन निघालें, तें देशांतील पहिलें आसन्नमरण रोग्यांचें शुश्रूषागृह. जें वर्ष अशा रोग्यांची कणव येऊन संस्था उभी राहण्याचें, त्याच्याच आदल्या वर्षीं त्यांच्या औषधाभोंवतीं कुंपण पडलें होतें.

ही चूक उमगावयास एकोणतीस वर्षें लागलीं. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक’ गुंगीकारक औषधांचा वेगळा वर्ग झाला, आणि मॉर्फीनसह सहा औषधांसाठीं देशभर एकच सोपी पद्धति आली. तरी दिघाशीची गोळी मुंबईहूनच आणावी लागते, कारण कायदा बदलला तरी कायद्याचें भय बदलत नाहीं. तीस वर्षें ज्या औषधाचें नांव घेतांना हात कांपला, तें कागदावरच्या दुरुस्तीनें एकाएकीं चिठ्ठीवर उमटत नाहीं.

गांजाची स्थिति याहून चमत्कारिक आहे. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे केंद्राच्या कायद्यांत गुन्हा ठरतात. एक किलोपर्यंत अल्प गुन्हा, वीस किलोंच्या वर दहा वर्षांच्या सक्तमजुरीचा. पानें त्या कायद्याबाहेर आहेत. परंतु महाराष्ट्रांत, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, त्याप्रमाणें परवान्याविना भांग बाळगणें हाहि गुन्हाच. आणि त्याच पानांचें आयुर्वेदीय औषध, ‘वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावें’ अशी सूचना छापून, रीतसर विकतां येतें. वहिनींची बाटली अशीच परवान्याची आणि चिठ्ठीची होती. ती ठेवण्यांत गुन्हा नव्हता, असें जाणत्यांनीं आम्हांस मागाहून सांगितलें. पण तें वहिनींना कोण सांगणार होतें? कायदा पुस्तकांत जसा असतो तसा तो घरांत पोंचत नाहीं. घरांत पोंचतें तें फक्त त्याचें भय. आणि तें भय चिलीम ओढणाऱ्यापेक्षां पापभीरु माणसास अधिक वाटतें. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात तें हेंच.

आपल्या राज्यघटनेचे कर्ते याविषयीं बेसावध नव्हते. मादक पेयें आणि अपायकारक द्रव्यें यांची बंदी करण्याचा राज्यानें प्रयत्न करावा, असें सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदांत सांगतांना त्यांनीं ‘औषधी प्रयोजन वगळून’ अशी मर्यादा घातली आहे. आणि दारूबंदीच्याच कायद्यावर मुंबईंतून जो बलसारा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला, त्यांत १९५१ सालीं न्यायालयानें दारूबंदी कायम ठेवून, मद्यार्क असलेल्या औषधांवरील बंधनें मात्र अवास्तव म्हणून रद्द केलीं. नशेस एक न्याय आणि औषधास दुसरा, हें तत्त्व या भूमींत परकें नाहीं. आपण तें मद्यार्काला लावलें, झाडाला लावावयास विसरलों.

आतां जगाकडे पाहूं. १९६४ सालीं इस्राएलमध्यें राफाएल मेशूलम आणि त्यांचे सहकारी यांनीं गांजांतील नशा आणणारें मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि ‘ताकद दर खेपेस निराळी’ हा जुना आक्षेप हळूहळू दूर होऊं लागला. कॅलिफोर्नियानें १९९६ सालीं लोकमतानें रोग्यांस गांजाची मोकळीक दिली. कॅनडांत फेफऱ्याच्या एका रोग्याच्या खटल्यांत २००० सालीं न्यायालयानें सरकारास खडसावलें, आणि दुसऱ्या वर्षीं तेथें वैद्यकीय वापराचे नियम झाले. जर्मनीनें २०१७ सालीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो देण्याची सोय केली. इंग्लंडांत २०१८ च्या जून महिन्यांत एका आईनें आपल्या फेफरें येणाऱ्या मुलासाठीं कॅनडाहून आणलेलें तेल विमानतळावर जप्त झालें. मुलाची प्रकृति ढांसळली. देशभर गिल्ला झाला. आणि १ नोव्हेंबरपासून कायदा बदलला. त्या आईची बाटली आणि वहिनींची बाटली यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. शेवटीं २ डिसेंबर २०२० रोजीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें गांजा त्या चौथ्या अनुसूचींतून काढला. बाजूनें २७ मतें पडलीं, विरुद्ध २५. आणि बाजूच्या मतांत एक भारताचें होतें.

पण मतांनीं कायदा बदलतो, औषधाचा गुण बदलत नाहीं. म्हणून या नव्या उत्साहासहि तोच प्रश्न विचारला पाहिजे, जो जुन्या बंदीस विचारावयास हवा होता: पुरावा कोठें आहे? कांहीं विकारांत तो चांगला आहे. लहान मुलांच्या दोन दुर्धर फेफऱ्यांवर कॅनाबिडिऑल या, नशा न आणणाऱ्या द्रव्याचें औषध रीतसर चांचण्यांनंतर २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. कर्करोगाच्या औषधांनीं होणारी ओकारी आणि मज्जासंस्थेच्या एका रोगांत स्नायूंस येणारा ताठरपणा, यांवरहि गांजांतील द्रव्यांचा उपयोग दिसला आहे. जुनाट वेदनांवर कांहीं रोग्यांस थोडा उतार पडतो. परंतु कर्करोगाच्या तीव्र वेदनेंत मॉर्फीनची जागा तो घेऊं शकत नाहीं. तो कर्करोग बरा करतो असें सांगणारा तर सरळ फसवितो, आणि त्याच्या नादीं लागून जो खरे उपचार सोडतो त्याचा जीव जातो. कोवळ्या वयांत गांजाची संवय लागली तर मनाच्या विकारांचा धोका वाढतो, हेंहि आतां पुरेसें स्पष्ट आहे.

शिवाय ‘औषध’ या एका शब्दाखालीं आज तीन निराळे अर्जदार उभे आहेत. एक रोगी, दुसरा ज्यास यांतून पैसा मिळवावयाचा आहे तो, आणि तिसरा शौकीन. दुसऱ्याचा हेतु नेहमीं वाईटच असतो असें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्यानें २०२१ सालीं, कोणत्याच पिकाला भाव मिळत नाहीं, तर दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. त्यानें औषधाचा आव आणला नाहीं. आपली अडचण सांगितली. हा प्रामाणिकपणा आहे. परंतु जेथें तिन्ही अर्जदार एकमेकांच्या आड उभे राहतात तेथें काय होतें, हें थायलंडनें दाखविलें. त्यानें २०१८ सालीं औषधासाठीं म्हणून दार उघडलें. २०२२ च्या जूनमध्यें गांजा बंदीच्या यादींतूनच काढला. गल्लोगल्लीं दुकानें झालीं. आणि २०२५ च्या जूनमध्यें तेथील सरकारला पुन्हां वैद्याच्या चिठ्ठीचा नियम करावा लागला. शौकिनाचा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि त्यावर सुज्ञांचे मतभेद असूं शकतात. पण त्यानें तो आपल्या नांवानें मांडावा, रोग्याच्या खाटेआडून मांडूं नये. तसेंच सरकारनेंहि शौकिनावरचा राग रोग्यावर काढूं नये.

आमच्या मतें या सर्व वादाचा गाभा असा आहे. येथें दोन प्रकारच्या चुका संभवतात. एखादा लबाड रोग्याचें सोंग घेऊन नशेचा पदार्थ मिळवील, ही एक. आणि एखादा खरा रोगी उपायावांचून तळमळत राहील, ही दुसरी. कोणताहि कायदा दोन्ही चुका अजिबात टाळूं शकत नाहीं. एकीस आंवळावें तर दुसरी सैल सुटते. पहिल्या चुकीचा पंचनामा होतो, ती वर्तमानपत्रांत येते, अधिकाऱ्यास जाब द्यावा लागतो. दुसरीची नोंद मृत्यूच्या दाखल्यावरहि होत नाहीं. म्हणून प्रत्येक अंमलदार साहजिकच पहिलीस भितो, आणि दुसरीचा भार अशा माणसावर पडतो, जो ओरडूंहि शकत नाहीं. संशय असेल तेथें त्याची किंमत कोणी द्यावी? न्यायासनासमोर आपण संशयाचा फायदा आरोपीस देतों. मग ज्यानें कसलाहि अपराध केलेला नाहीं, त्या रोग्याच्या वांट्यास संशयाचा केवळ तोटाच कां यावा? राखणीचा खर्च राखणदारानें सोसावा; तो आजाऱ्याच्या हाडांवर लादूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, मग रोगी मागेल तें द्यावें काय? नव्हे. त्या दिवशीं आम्ही निघतांना मास्तरांस विचारलें, ‘त्या तेलानें बरें वाटतें का?’ ते क्षणभर थांबून म्हणाले, “रात्री झोप लागली खरी, पण ती तेलानं लागली, की तुम्ही सगळे जवळ बसला होतात म्हणून, हे मला सांगता येणार नाही.” वेदनेंतहि ज्याची सत्यनिष्ठा सुटली नव्हती अशा त्या शिक्षकानें शास्त्राचीच मागणी केली, असें आम्ही समजतों. हा प्रश्न एका रोग्यास सुटत नाहीं. तो शेंकडों रोग्यांवरील नीट चांचण्यांनींच सुटतो. त्या चांचण्या येथें, आपल्या रुग्णालयांत, आपल्या झाडावर व्हाव्यात. त्यांचे परवाने लवकर मिळावेत. ज्याचा गुण सिद्ध होईल तें मॉर्फीनप्रमाणें अत्यावश्यक औषधांत जावें, आणि ज्याचा होणार नाहीं तें, मग त्याचें नांव कितीहि जुनें असो वा त्याची जाहिरात कितीहि नवी असो, बाजूस व्हावें. आणि तोंपर्यंत, ज्याचा गुण केव्हांच सिद्ध झाला आहे तें मॉर्फीन तरी तालुक्याच्या गांवीं मिळावें. गांजाच्या वादांत रंगलेल्या दोन्ही पक्षांनीं एवढें प्रथम केलें तर त्यांच्या कळकळीवर आमचा अधिक विश्वास बसेल.

दसऱ्याच्या आधीं मास्तर गेले. शेवटच्या खेपेस मुलानें आणलेल्या गोळ्यांपैकीं अकरा उरल्या होत्या. तेरावा होतांच वहिनी मुलास बरोबर घेऊन, भिवंडीच्या गर्दींतून आणि आगगाडींतून मुंबईस गेल्या, आणि रुग्णालयांत त्या अकरा गोळ्या मोजून परत करून आल्या. कोणी तसें करावयास भाग पाडलें नव्हतें. आम्हीं विचारलें तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “दुसऱ्या कोणाच्या तरी संपल्या असतील.”